गाविलगडावर दिवसभर पायी

चिखलदऱ्याला गेलं नाही असं घर आमच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात शोधूनही सापडायचं नाही. गाडी काढायची, परतवाड्यावरून घाट चढायचा, देवी पॉइंट, भीमकुंड, पंचबोल असं करत प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं उतरायचं, भाजलेलं कणीस खायचं, रबडी बांधून घ्यायची आणि अंधार पडायच्या आत घरी. त्यात वाईट काही नाही. पण सातपुडा इतका उशाशी असून त्यात दिवसभर चालून आलेली माणसं, आणि त्यातही बाया, मला आजूबाजूला फारशा दिसेनात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवते. समोच्च रेषा फळ्यावर काढायच्या आणि समोरचा डोंगर मात्र गाडीच्या काचेतून बघायचा, हे मला फार दिवस खटकत होतं. संत्र्याचा आंबिया बहार उतरला, व्यापाऱ्याचा हिशेब झाला, तेव्हा मी घरात विषय काढला. एक दिवस डोंगरात जायचं, आणि पायी.

कोण कोण येणार ते लवकर ठरलं. मी, माझी जाऊ, भाऊजी, दहावीतली पुतणी, माझा आठवीतला मुलगा आणि शाळेतल्या माझ्या सहकारी बाई. आमच्या यांना बागेच्या ओलितासाठी थांबणं भाग होतं. कुठे जायचं यावर मात्र खूप चर्चा झाली.

पुतणीचं म्हणणं सरळ होतं. "मोठ्याई, गुगामलचं राष्ट्रीय उद्यान आपल्या इतकं जवळ आहे, मंग तिथंच जाऊ ना पायी."

तिचं मन मोडायचं नव्हतं, म्हणून मी तिला घेऊनच वनविभागाच्या कार्यालयात गेले. १९७३मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांमध्ये आपलं मेळघाट होतं. गुगामल राष्ट्रीय उद्यान हा त्याचाच गाभा, सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचा. तिथल्या वनरक्षकाने नकाशावर बोट ठेवून स्पष्ट सांगितलं, "मॅडम, गाभ्यात सफारीची गाडी चालते, तीही ठरलेल्या रस्त्यानं. पाय खाली टाकाचा नाही." पुतणीचा चेहरा उतरला. परत येताना मी तिला कोहा, कुंड आणि बोरी या गावांबद्दल सांगितलं. वाघाला मोकळी जागा मिळावी म्हणून मेळघाटातली ही कोरकू आदिवासींची गावं उठून बाहेर वसली. पिढ्यान् पिढ्यांची घरं, शेतं, देव सोडून माणसं निघाली त्या जंगलात आपण सुट्टीच्या दिवशी हौसेनं पायी फिरायचं म्हणणं मला पटत नाही. नियम नसता तरी मी गेले नसते. दहावीची पोरगी आहे, तिला ते समजलं.

डोंगराळ व्याघ्र प्रकल्पात पायी जायचं असेल तर पहिला प्रश्न हाच असतो की कायद्याने चालता कुठे येतं. सुंदर काय आहे, हे त्यानंतर. आमच्यासमोर दोन-तीन वाटा होत्या. वनविभागाच्या निसर्ग पायवाटा होत्या, पण त्या तास-दोन तासांत संपतात. अकोटच्या बाजूचा नरनाळा किल्ला होता. आणि चिखलदऱ्याला लागूनच असलेला गाविलगड किल्ला. दिवसभर पुरेल एवढा पसारा, गाठायला सोपा, आणि अडलं तर चिखलदऱ्याचं ग्रामीण रुग्णालय जवळ. पहिल्यांदा चालणाऱ्या सहा जणांसाठी मला तोच योग्य वाटला.

गाविलगड बहुतेकांना ऐकून माहीत असतो, पण त्याची ठेवण माहीत नसते. वाटेचं नियोजन करायला ती ठेवणच कामाला येते. मी आधी नकाशा घेऊन बसले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दर वीस मीटर उंचीला एक रेषा असते. गडाच्या दक्षिण अंगाला त्या रेषा एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की कागद काळा दिसतो, म्हणजे सरळ कडा. उत्तरेकडून चिखलदऱ्याच्या पठाराचा एक निमुळता दांड गडाला येऊन भिडतो. जायची वाट तिथूनच.

ही ठेवण दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनाही अशीच सोडवावी लागली होती. २९ नोव्हेंबर १८०३ला अडगावची लढाई हरल्यावर नागपूरकर भोसल्यांचं सैन्य गाविलगडात शिरलं. इंग्रज सेनापती वेलस्लीने पाहिलं की दक्षिणेची चढण लांब आणि खडी आहे, तिथून माणूसच चढू शकेल, तोफा जाणार नाहीत. म्हणून त्याच्या सोबतच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने एलिचपुराहून, म्हणजे आपल्या अचलपूरहून, डोंगरातून वळसा घालून तोफा उत्तरेला नेल्या. वाटा आधी खोदायच्या आणि मग तोफा हातांनी ओढायच्या. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाच्या खिंडारातून फौज आत शिरली, पण आतला कोट वेगळाच उभा. मध्ये खोल घळ. शेवटी शिड्या लावून काही शिपाई आतल्या तटावर चढले, त्यांनी दरवाजा उघडला आणि किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. दोन दिवसांनी भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि ३० डिसेंबरला आमच्याच गावच्या नावाचा सुर्जी-अंजनगावचा तह शिंद्यांशी झाला. मुलांना मी हे सनावळीसाठी सांगितलं नाही. त्यात आमच्या कामाची एक गोष्ट होती. बाहेरचा कोट आणि आतला कोट यांच्यामध्ये उतार-चढ आहे, म्हणजे परतताना थकलेल्या पायांनी पुन्हा चढायचं आहे. हे आधी माहीत असलं की दम राखून चालता येतं.

यानंतर वेळेचा हिशेब. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि लोक नेमका हाच सोडून देतात. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२मध्ये एक ढोबळ नियम सांगितला. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास मिळवायचा. वळसे धरून आमची वाट आठ-नऊ किलोमीटर आणि सगळे चढ मिळून तीनेकशे मीटर होत होते. नियमाने दोन-सव्वादोन तास झाले. पण हा नियम सराईत, न थांबता चालणाऱ्याचा आहे. आमच्यात चपलेची सवय असलेले पाय होते, दगड दिसला की बसणारा मुलगा होता, आणि बघायलाच तर चाललो होतो. मी दुपटीहून थोडे जास्तच धरले, पाच तास. जेवणाचा एक तास वेगळा.

मग घड्याळ उलटं फिरवलं. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि दरीत सावली त्याच्या कितीतरी आधी उतरते. अस्वल, बिबट्या, रानगवा यांच्या हालचालीची ती वेळ. म्हणून चारला गडाबाहेर पडायचंच. त्यासाठी एक वाजता, कुठेही असलो तरी, पाठ फिरवायची. आणि त्यासाठी साडेआठला चालायला सुरुवात. परतवाडा आमच्यापासून तासाभराचं, तिथून घाटाने चिखलदरा आणखी तासाभराचं. घाटात धुकं असू शकतं, त्याची अर्धा तास सवड. पहाटे साडेपाचला घर सोडायचं ठरलं.

पहाटे साडेपाच म्हटल्यावर जाऊ गप्प झाली. चढाईची भीती तिला नव्हती. दोन म्हशींची धार, सासूबाईंचा चहा-औषध, डबे हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं. गावाकडच्या बाईचा डोंगर अडतो तो इथे. हे मी अगदी गंभीरपणे लिहिते आहे, कारण नियोजनाच्या कोणत्याच यादीत हे नसतं. आम्ही ते यादीत वर घातलं. धारेचं काम शेजारच्या काकूंना सांगितलं आणि त्यांच्या लग्नघाईत आम्ही दोघी मदतीला जायचं ठरलं. सासूबाईंचं यांनी अंगावर घेतलं. ज्वारीच्या भाकरी, तीळ-शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा रात्रीच करून ठेवला. भाकर दुसऱ्या दिवशी दुपारी चांगलीच लागते, ओल्या भाज्यांसारखी नासायची भीती नाही.

त्याआधी एका कामाच्या दिवशी भाऊजी आणि मी गडावर नुसतं बघून आलो. हे मी कुणालाही सांगेन की शक्य असेल तर आधी एकदा दोघांनीच जाऊन यावं. प्रवेशाची वेळ, शुल्क, वाटाड्या हे फोनवर कळतं त्यापेक्षा तिथे उभं राहून जास्त कळतं, आणि ते बदलतही असतं. तिथे आम्हाला जवळच्याच गावचा एक कोरकू वाटाड्या भेटला. वयाने भाऊजींएवढा, पायात साधे बूट, हातात बांबूची काठी. त्याने आम्हाला पहिल्या कमानीखाली नेलं आणि वर बघा म्हणाला. दगडी कमानीच्या खोबणीत आग्या मोहोळ लटकलेलं होतं. जवळजवळ हातभर लांब, काळपट, आणि त्यावर मधूनच एक लाट सरकल्यासारखी हलायची. माश्या एकीमागून एक पोटाचं टोक वर उचलत होत्या.

"ताई, अत्तर नाही, सेंट नाही, विडी नाही, आगटी नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "अन् इथं फोटोले थांबाचं नाही. चालत राहाचं."

"उठलंच तर?" भाऊजींनी विचारलं.

"तोंड झाकाचं अन् सरळ पळत सुटाचं. हात झाडाचे नाही. तळ्यात उडी तं मुळीच टाकाची नाही, वरतं वाट पायत रायतात."

त्याच दिवशी आम्ही त्याला पक्कं केलं. गडावर वाघाची भीती जो तो घालतो. मला त्याच्या बोलण्यातून कळलं की रोजचा विचार मधमाश्या आणि अस्वलाचा करायचा असतो.

सामानाबद्दल थोडक्यात सांगते. पाणी प्रत्येकी तीन लिटर, घरूनच. गडावरची तळी बघायला सुरेख, पिण्यासाठी नाहीत. बाटल्या स्टीलच्या, म्हणजे मागे प्लॅस्टिक राहण्याचा प्रश्नच नाही. अंगभर सुती कपडे, कारण डिसेंबरात गवत वाळून कंबरेला लागतं आणि कुसळं मोज्यांत शिरतात. जाऊने साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला आणि सलवारीची टोकं मोज्यात खोचली. ओढण्या घरीच ठेवल्या, काट्यांत अडकतात, त्याऐवजी डोक्याला रुमाल. खाजकुइलीच्या शेंगा कशा दिसतात ते मुलांना मी आधी चित्रात दाखवलं. मखमली, तपकिरी, हात लावावासा वाटणारी शेंग, आणि लावला की तासभर जीव नको होतो. बाकी पट्टी, मीठ-साखरेची पाकिटं, शिट्टी, एक बॅटरी, गूळ-शेंगदाणे आणि आपल्याच बागेची संत्री. दरीच्या अंगाला नेटवर्क जातं, म्हणून घरी यांच्याकडे एका कागदावर वाट, वाटाड्याचा नंबर आणि "सहापर्यंत फोन आला नाही तर इथे कळवायचं" असं लिहून दिलं.

ठरल्याप्रमाणे निघालो. घाटात धुकं होतंच, पण सवड ठेवलेली असल्यामुळे कुणाला घाई नव्हती. साडेआठच्या जरा आधी आम्ही गडाच्या वाटेला लागलो. मोहोळाच्या कमानीखालून सहाही जण तोंड न उघडता गेलो. माझा मुलगा इतका शांत राहू शकतो हे मला त्या दिवशी समजलं.

शार्दूल दरवाजापाशी मात्र आम्ही मनसोक्त थांबलो. दगडावर दोन तोंडांचा गंडभेरुंड आहे, सिंह आहेत, हत्ती आहेत. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकात हा किल्ला बांधला आणि पुढे फतेहउल्ला इमादुल्मुल्कने त्याची डागडुजी केली. हाच फतेहउल्ला १४९०मध्ये अचलपुराला इमादशाहीचा धनी झाला. तो मूळचा विजयनगरच्या मुलखातला हिंदू घरातला, लहानपणी पकडून आणलेला, असं इतिहासकार सांगतात, आणि गंडभेरुंड हे तर दक्षिणेचं चिन्ह. सहकारी बाई इतिहास शिकवतात. त्यांनी हत्तीच्या सोंडेवरची झीज बोट न लावता दाखवली आणि मुलांना विचारलं, "ज्यानं हा कोरला त्यानं हत्ती कुठं बघितला असेल?" पोरांची त्यावर अर्धा तास चर्चा चालली. वेळेचा हिशेब दुपटीहून जास्त धरला होता तो अशा अर्ध्या तासासाठीच.

बाहेरच्या कोटातून पुढे झाडी दाट होते. साग, धावडा, मधूनच बोरीची जाळी. एका वळणावर वाटाड्या थांबला आणि काठीने खाली दाखवलं. अस्वलाची विष्ठा, काळसर, तीत बोरांच्या बिया तशाच अख्ख्या. ताजी नव्हती, वरून वाळली होती. त्याने आम्हाला मोठ्याने बोलत चालायला सांगितलं. अस्वलाला दिसतं कमी, खाण्यात गुंगलं की ऐकूही येत नाही, आणि अचानक माणूस समोर आला की ते घाबरून अंगावर येतं. आवाज आला तर आपणच बाजूला होतं. जंगलात शांत राहावं हे आपण इतकं ऐकलेलं असतं की मुलांना आधी खरं वाटेना. मग पुतणीने पाढे म्हणायला सुरुवात केली, एकोणतीसचा, आणि सगळ्यांनी साथ दिली. बोरीची जाळी संपेपर्यंत आम्ही एकोणतीस आणि सदतीस दोन्ही म्हणून झालो.

घळ उतरून आतल्या कोटात शिरलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. पडकी मशीद, तिच्या कमानी, हिरवं पाणी धरून असलेलं तळं. तिथून गवत तुडवत दक्षिणेच्या तटावर पोचलो आणि समोर आपला सगळा पायनघाट, म्हणजे डोंगराखालचा सपाट मुलूख. नकाशावर काळ्या दिसणाऱ्या त्या रेषा आता पायाखालून सरळ खाली गेल्या होत्या. गव्हाचे हिरवे तुकडे, तुरीचे पिवळट पट्टे, संत्र्याच्या बागांची गर्द चौकटी रांग. आमचं गाव कुठलं यावर भाऊजी आणि वाटाड्या यांचं एकमत होईना. जाऊ तटापासून चांगली चार पावलं मागे बसून बघत होती. "लग्न होऊन आली तवापासून हा डोंगर खालून पाहून राहिली मी, वहिनी," ती म्हणाली, "वरतून आपलं शेत एवढुसं दिसते, कोणी सांगितलंच नाही."

भाकरी तिथेच सावलीला सोडल्या. संत्र्यांची सालं, बियांसकट, पिशवीत परत. साल कुजते, मग टाकली तर काय होतं, असं मुलाने विचारलं. वाटाड्यानेच उत्तर दिलं की माकडं त्या वासाने माणसांच्या मागे लागायला शिकतात.

एक वाजला तेव्हा पश्चिमेकडचा एक बुरूज बघायचा राहिला होता. वाटाड्या म्हणाला, वीस मिनिटांत जाऊन येऊ. मुलं तर उठलीच. मी घड्याळ दाखवलं आणि भाऊजींनी पिशवी खांद्याला लावली. कुरकुर झाली, पण एक म्हणजे एक असं निघण्याआधी सगळ्यांकडून कबूल करून घेतलेलं होतं, त्यामुळे भांडण झालं नाही. वेळ आदल्या दिवशी ठरवलेली असली की ती घड्याळाची असते. तिथल्या तिथे ठरवली की ती कुणा एकाची होते आणि मग त्याच्यावर राग निघतो.

परतीची घळ चढताना सहकारी बाईंच्या पोटरीत गोळा आला. मीठ-साखरेचं पाणी, दहा मिनिटं बसणं, पुन्हा हळू चाल. हातात वेळ होता म्हणून कुणीही त्यांना घाई केली नाही. पावणेचारला आम्ही गडाच्या बाहेर होतो. नेटवर्क आल्या आल्या घरी फोन केला.

आता नरनाळ्याचं ठरतं आहे. शहानूरहून वर जायचं, १४८७चा महाकाली दरवाजा बघायचा आणि तिथल्या तोफेपर्यंत जाऊन परत. या वेळी चौकशी पुतणी करते आहे. वनविभागाला काय काय विचारायचं त्याची यादी तिने वहीत लिहिली आहे. गड कोणत्या वारी बंद असतो, गाडी कुठपर्यंत जाते, वाटाड्या कुठे मिळतो आणि मोहोळ कोणत्या दरवाजावर आहे. जाऊची अट एवढीच आहे की तारीख तूर सोंगायच्या आधीची धरा, म्हणजे शेजारच्या आणखी दोघी येऊ शकतील.